आशांचे प्रमाणपत्र : हक्क की नुसता कागद?

बेंगळुरूचे फ्रीडम पार्क ज्या जागेवर उभे आहे, तेथे पूर्वी शहराचा मध्यवर्ती तुरुंग होता. आणीबाणीच्या काळात अनेक राजकीय कैद्यांना तेथेच डांबण्यात आले होते. पुढे तुरुंग हलला, त्या जागी उद्यान झाले आणि शहरातील मोर्चे व धरणी आता याच आवारापुरती मर्यादित ठेवण्यात आली आहेत. ७ जानेवारी २०२५ रोजी कर्नाटकाच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेल्या हजारो आशा कार्यकर्त्यांनी येथे बेमुदत धरणे धरले. दरमहा पंधरा हजार रुपये निश्चित मानधन ही त्यांची मुख्य मागणी होती. रात्रीच्या थंडीत उघड्यावर काढलेल्या तीन रात्रींनंतर, १० जानेवारीला, एप्रिलपासून दरमहा किमान दहा हजार रुपये मिळतील असे आश्वासन मुख्यमंत्र्यांकडून मिळाले व धरणे उठले. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच स्त्रियांना त्याच आश्वासनाच्या पूर्ततेसाठी पुन्हा रस्त्यावर यावे लागले.

या लढ्याकडे केवळ मानधनवाढीचा तंटा म्हणून पाहिले तर त्यातील मूळ प्रश्न निसटून जातो. धरणे धरणाऱ्या स्त्रियांची आणखी एक तक्रार होती. केलेल्या कामाची नोंद सरकारच्या संगणकीय प्रणालीत नीट उमटत नाही आणि नोंद नाही म्हणून मोबदलाही नाही, असा त्यांचा अनुभव होता. गरोदर स्त्रीला तपासणीसाठी नेले, बाळाला लस टोचून घेतली, क्षयरोग्याला औषधे पोहोचवली; परंतु यंत्राच्या लेखी ते घडलेच नाही! काम प्रत्यक्षात होते, मात्र काम करणारी शासनाच्या दप्तरात कर्मचारी म्हणून अस्तित्वात नसते, असा हा विचित्र व्यवहार आहे. तिला शिकवले जाते, तिची परीक्षा घेतली जाते, तिला प्रमाणपत्रही दिले जाते. केवळ वेतनपटावर तिचे नाव घातले जात नाही. अशा प्रमाणपत्राचा अर्थ काय, हा आजच्या आरोग्यधोरणातील कळीचा प्रश्न आहे. बेळगाव, खानापूर व निपाणी भागांतील मराठीभाषक आशांनाही बेंगळुरूत होणारे निर्णयच लागू होतात. पण प्रश्न एका राज्याचा वा एका भाषेचा नाही. देशभरातील दहा लाख स्त्रियांच्या श्रमाचा तो प्रश्न आहे.

प्रशिक्षण आहे, पद नाही

राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान एप्रिल २००५ मध्ये सुरू झाले आणि त्यासोबत 'आशा' ही संकल्पना आली. साधारणतः हजार लोकवस्तीमागे एक स्त्री, ती त्याच गावची, विवाहित, विधवा वा परित्यक्ता, पंचवीस ते पंचेचाळीस वयाची आणि किमान आठवी शिकलेली असावी, असे ठरले. तिला कर्मचारी न म्हणता 'कार्यकर्ती' म्हटले गेले. वेतनाऐवजी कामागणिक मोबदल्याची पद्धत आली. शब्दांच्या या निवडीत अनवधान मुळीच नव्हते. 'कर्मचारी' हा शब्द एकदा उच्चारला की किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, प्रसूती रजा, उपदान हे सारे हक्क मागोमाग येतात, हे नोकरशाहीला पुरते ठाऊक होते.

आरंभीचे प्रशिक्षण वर्षभरात पाच टप्प्यांत मिळून तेवीस दिवसांचे ठरले. पुढे माता व बालक यांच्या आरोग्यासंबंधीच्या सहाव्या व सातव्या पुस्तिकांसाठी चार फेऱ्यांत वीस दिवसांचे प्रशिक्षण आले. कामांची यादी मात्र प्रशिक्षणाच्या कित्येक पट वेगाने वाढत गेली. गरोदर स्त्रियांची नोंदणी, दवाखान्यातील बाळंतपण, लसीकरण, कुटुंबनियोजन, क्षयरोग, हिवताप, कुष्ठरोग यांत पुढे रक्तदाब, मधुमेह व कर्करोग यांच्या तपासणीसाठी घरोघरी भरावयाच्या तक्त्यांची भर पडली. कोरोनाच्या साथीत तर घरोघरच्या सर्वेक्षणाचा पहिला भार याच स्त्रियांवर टाकण्यात आला. जुलै २०२० मध्ये कर्नाटकातील चाळीस हजारांहून अधिक आशांनी संप केला, तेव्हा त्यांच्या मागण्यांत दरमहा बारा हजार रुपयांबरोबर संरक्षक साधनांचीही मागणी होती. साथीच्या तोंडावर पाठवलेल्या स्त्रीला मुखपट्टीसाठी संप करावा लागावा, यापेक्षा अधिक बोलका पुरावा कोणता हवा?

मोबदल्याचा हिशेब एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. नवजात बालकाच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या व बेचाळिसाव्या दिवशी जावयाचे. बाळाचे वजन व ताप पाहावयाचा. त्याचे दूध ओढणे, श्वास व नाळ तपासावयाची. धोक्याची खूण दिसली तर दवाखान्यात न्यावयाचे. या सहा भेटींचा मोबदला अडीचशे रुपये ठरवला गेला. म्हणजे एका भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची सातवी भेट वाढते, रक्कम तीच राहते. या कामाला कौशल्य लागते म्हणून त्याचे प्रशिक्षण दिले जाते. मोबदला देताना मात्र ते शेजारधर्माचे काम ठरते.

गेल्या दशकात केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या साहाय्याने आशांच्या प्रमाणीकरणाची योजना आणली. प्रशिक्षण केंद्रे व प्रशिक्षक यांची आधी पारख करावी, मग आशांची लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा घ्यावी, अशी तिची रचना आहे. कल्पना म्हणून ती स्वागतार्हच आहे. शिकलेल्या गोष्टीला मान्यता मिळावी, प्रशिक्षणाच्या नावाखाली चाललेली उरकाउरकी थांबावी, असे कोणाला वाटणार नाही? परंतु त्या प्रमाणपत्राने तिचे पद बदलत नाही, वेतनश्रेणी मिळत नाही, पदोन्नतीचा निश्चित मार्गही उघडत नाही. भिंतीवर चौकट लावता येते, एवढाच त्याचा उपयोग राहिला तर तो कागद श्रमिकाच्या नव्हे, शासनाच्या कामी येतो. 'प्रशिक्षित व प्रमाणित मनुष्यबळ' असे अहवालात लिहिता येते आणि त्या मनुष्यबळाला 'स्वयंसेविका' म्हणून वाऱ्यावरही सोडता येते!

पन्नास रुपयांचा जुना धडा

हा प्रयोग आपल्या देशात पहिल्यांदाच होत आहे असे नाही. श्रीवास्तव समितीच्या १९७५ च्या अहवालाने गावपातळीवरील अर्धवेळ आरोग्य कार्यकर्त्यांची शिफारस केली होती. जनता पक्षाच्या राजवटीत २ ऑक्टोबर १९७७ रोजी समाज आरोग्य कार्यकर्ता योजना सुरू झाली. तीन महिन्यांत दोनशे तासांचे प्रशिक्षण, त्या काळात दरमहा दोनशे रुपये विद्यावेतन, त्यानंतर दरमहा पन्नास रुपये मानधन आणि वर्षाला सहाशे रुपयांची औषधे असे तिचे स्वरूप होते. कर्नाटक, केरळ व तामिळनाडू यांसारखी काही राज्ये आपापली वेगळी व्यवस्था असल्याने तिच्याबाहेर राहिली.

पुढे काय झाले? कार्यकर्त्यांनी संघटित होऊन वाढीव मोबदला व सेवाशाश्वती मागू लागताच शासनाने योजनेचे नावच बदलले. 'कार्यकर्ता'चा 'स्वयंसेवक' झाला आणि १९८१ मध्ये 'ग्राम आरोग्य मार्गदर्शक' झाला. नावे बदलली, पन्नास रुपये वर्षानुवर्षे तेच राहिले. औषधांचा पुरवठा आटला, देखरेख संपली, काही जण न्यायालयात गेले आणि अखेरीस २००२ मध्ये केंद्राने आपला निधी थांबवला. लक्षावधी माणसांना शिकवून उभी केलेली फळी अशा रीतीने विरून गेली. त्यानंतर तीनच वर्षांत 'आशा' योजना जाहीर झाली. पूर्वीच्या योजनेत पुरुषांचा भरणा होता, आता स्त्रियांची निवड झाली, ही सुधारणा खरीच. परंतु श्रमाला श्रम न म्हणण्याची मूळ युक्ती जशीच्या तशी पुढे चालू राहिली. उलट स्त्रियांच्या बाबतीत ती अधिक सोपी झाली. कारण घरातील आजाऱ्याची शुश्रूषा जशी फुकट होते तशी गावाचीही व्हावी, ही सरंजामी धारणा समाजात खोलवर रुजलेली आहे आणि भांडवली राज्यसंस्था तिचा पुरेपूर लाभ उठवते.

बेंगळुरूतील दोन संस्थांची साक्ष

सामान्य माणसाला शिकवून आरोग्याचे काम देता येते काय आणि प्रशिक्षणाने सारे प्रश्न सुटतात काय, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे बेंगळुरूच्याच इतिहासात सापडतात.

१९५९ मध्ये या शहरात राष्ट्रीय क्षयरोग संस्था स्थापन झाली. तेथील समाजशास्त्रज्ञ डॉ. देबब्रत बॅनर्जी व स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले. खेडूत अडाणी असतो, त्याला रोगाची जाणीव नसते, तो दवाखान्याची पायरी चढत नाही, असा त्या काळच्या तज्ज्ञांचा समज होता. पाहणीने तो खोटा ठरवला. बहुसंख्य रुग्णांना आपल्या लक्षणांची जाणीव होती आणि निम्म्याहून अधिक रुग्ण उपचारासाठी दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊनही आले होते. तेथे त्यांची थुंकी तपासली गेली नाही. खोकल्याच्या औषधाची बाटली देऊन त्यांना परत पाठवण्यात आले. दोष जनतेच्या अज्ञानात नव्हता, आरोग्यव्यवस्थेत होता. देशाच्या क्षयरोग कार्यक्रमाची सांगड सर्वसाधारण आरोग्यसेवेशी घालावी, या धोरणाला याच संस्थेच्या कामाने बळ मिळाले.

या पाहणीचे महत्त्व आजही कमी झालेले नाही. आशा कार्यकर्तीला कितीही उत्तम शिकवले, तिने संशयित रुग्ण वेळेवर हुडकून काढला, तरी प्राथमिक आरोग्य केंद्रात तंत्रज्ञ नसेल, औषधे संपलेली असतील, डॉक्टरची जागा रिकामी असेल, तर तिच्या प्रशिक्षणाचे पर्यवसान पुन्हा त्या बाटलीतच होणार. वर रुग्णाच्या घरच्यांचा रोष सोसावयाचा तिनेच, कारण गावात राहणारी तीच असते. म्हणून कार्यकर्तीच्या प्रशिक्षणाची मागणी सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेच्या बळकटीपासून तोडून करता येत नाही. जे धोरण एका हाताने सरकारी रुग्णालयांचे खासगीकरण करते आणि दुसऱ्या हाताने आशांना प्रमाणपत्रे वाटते, ते लोकांच्या आरोग्याचे धोरण म्हणता येणार नाही.

दुसरी साक्ष बेंगळुरूच्याच राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेची, म्हणजे निम्हान्सची. मानसिक रोगाचे निदान व उपचार म्हणजे तर तज्ज्ञांचा राखीव प्रांत, अशी समजूत. पण देशात मानसोपचारतज्ज्ञ मूठभर आणि तेही शहरांत. निम्हान्सने सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात शहराजवळच्या सकलवारा येथील ग्रामीण केंद्रातून प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर व बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी यांना मानसिक आजार व अपस्मार ओळखण्याचे, औषधोपचार चालू ठेवण्याचे व पाठपुरावा करण्याचे शिक्षण दिले. १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम स्वीकारला गेला. त्यानंतर बळ्ळारी जिल्ह्यात ही पद्धत जिल्हाभर राबवून पाहण्यात आली आणि १९९६ पासूनचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच अनुभवावर उभा राहिला. योग्य शिक्षण, साधी पुस्तिका, नियमित देखरेख आणि पाठीशी उभी असलेली संस्था एवढे मिळाले की पदवी नसलेला कर्मचारीही अवघड काम करू शकतो, हे यातून सिद्ध झाले. मात्र त्यातील बहुउद्देशीय कर्मचारी शासनाच्या सेवेत होते, त्यांना नियमित वेतन होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

'अर्धशिक्षितांच्या हाती रुग्ण' हा आक्षेप

वैद्यकीय व्यवसायातील प्रस्थापित मंडळी या प्रश्नावर नेहमी एक आक्षेप घेतात. अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण सोपवणे धोक्याचे आहे, असे ते म्हणतात. रुग्णाच्या सुरक्षिततेची काळजी रास्तच आहे. तिचे उत्तर चांगले प्रशिक्षण, कामाच्या स्पष्ट मर्यादा आणि जबाबदार देखरेख हेच आहे. परंतु या आक्षेपामागे पुष्कळदा व्यवसायाची मक्तेदारीही दडलेली असते.

स्वातंत्र्यापूर्वी तीन-चार वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेले 'लायसेन्शिएट' डॉक्टर मोठ्या संख्येने होते. १९४६ च्या भोर समितीने ती श्रेणी बंद करून पदवीधर डॉक्टर हाच एकमेव पाया ठेवण्याचा बहुमताने कौल दिला. सहा सदस्यांनी त्याला भिन्नमतपत्रिका जोडली होती. समितीच्या एकंदर अहवालाचे मोल मोठे आहे. पण पदवीधर डॉक्टर खेड्यात गेला नाही, ही वस्तुस्थिती त्यानंतरच्या पिढ्यांनी भोगली.

महाराष्ट्राचा अनुभव तर या आक्षेपाला सडेतोड उत्तर देतो. अहमदनगर जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातील स्त्रियांना आरोग्यसेवेचे शिक्षण दिले. त्यांतील कित्येक जणी निरक्षर होत्या, अनेक दलित समाजातील होत्या. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या गावच्या स्त्रियांनी घरोघरी नवजात बालकांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग झालेल्या बाळांना इंजेक्शने दिली. एकोणचाळीस गावांत केलेल्या या प्रयोगात नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून अधिक घटले, हे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या अनुभवाचा आधार घेऊन २०११ पासून देशभर आशांकडे नवजात बालकांच्या घरभेटींचे काम सोपवण्यात आले. पदवीधरांच्या सभांत जिच्या क्षमतेविषयी शंका घेतली जाते, तिच्याच हातांवर शासन आज बालमृत्यू घटवण्याचा कार्यक्रम चालवते.

येथे एक सावधगिरी मात्र आवश्यक आहे. जामखेडच्या निरक्षर स्त्रियांनी जे करून दाखवले ते लेखी परीक्षेच्या चाळणीतून निसटले असते. २००५ च्या सुमारास रुजू झालेल्या अनेक आशा आज पन्नाशीत आहेत. त्यांच्या हातांनी शेकडो बाळंतपणे सुखरूप पार पडली आहेत. प्रमाणपत्राची परीक्षा त्यांना वगळण्याचे हत्यार होता कामा नये. प्रात्यक्षिक कामावरून पारख, मातृभाषेतून परीक्षा, पुन्हा बसण्याची मोकळीक आणि अनुत्तीर्ण झाल्यास कामावरून न काढण्याची हमी, या अटींवाचून प्रमाणीकरणाला पाठिंबा देणे श्रमिक चळवळीला शक्य नाही.

इतर देश काय सांगतात?

चीनच्या 'अनवाणी डॉक्टरां'चे नाव या संदर्भात हमखास घेतले जाते, पण त्यांच्या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. कम्यूनच्या काळात त्यांना कामाचे गुण मिळत, म्हणजे सामूहिक उत्पन्नात त्यांचा वाटा निश्चित होता. ऐंशीच्या दशकात सामूहिक शेती मोडली, सहकारी वैद्यकव्यवस्था कोसळली आणि १९८५ मध्ये ती संज्ञाही रद्द झाली. परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्यांना 'ग्रामडॉक्टर' म्हणून मान्यता मिळाली. परंतु सामूहिक आधार गेल्यामुळे औषधविक्रीवर पोट भरण्याची पाळी त्यांच्यावर आली. प्रमाणपत्र हाती आले आणि वेतन गेले, तेव्हा लोकसेवकाचा विक्रेता झाला. प्रमाणपत्राचा विचार वेतनापासून वेगळा करता येत नाही, याचा हा ऐतिहासिक पुरावा होय.

याउलट ब्राझीलमध्ये सामुदायिक आरोग्य कार्यकर्त्यांनी दीर्घ लढ्यातून २००६ मध्ये घटनादुरुस्ती व कायद्याद्वारे थेट नियुक्तीचा हक्क मिळवला आणि २०२२ च्या घटनादुरुस्तीने त्यांचे वेतन किमान वेतनाच्या दुपटीपेक्षा कमी असता कामा नये असे ठरले. शेजारच्या पाकिस्तानात १९९४ मध्ये सुरू झालेल्या 'लेडी हेल्थ वर्कर' कार्यक्रमात तीन महिने वर्गातील व बारा महिने प्रत्यक्ष कामावरील असे सव्वा वर्षाचे शिक्षण दिले जाते. तेथील स्त्रियांनी मोर्चे काढून, न्यायालयात जाऊन आपल्या सेवा नियमित करून घेतल्या. पाकिस्तानात जे शक्य झाले, ते भारतात अशक्य कसे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही हेच प्रतिबिंब पडले आहे. प्रशिक्षण पूर्ण करणाऱ्यांना औपचारिक प्रमाणपत्र द्यावे. कामाचे स्वरूप, तास व प्रशिक्षण यांच्या प्रमाणात मोबदला द्यावा. तो सर्वस्वी वा मुख्यत्वे कामागणिक प्रोत्साहनावर अवलंबून ठेवू नये. लेखी करार करावा. पुढे जाण्याची वाट ठेवावी. निवड करताना वैवाहिक स्थितीचा निकष लावू नये, असे त्या तत्त्वांत सांगितले आहे. याच संघटनेने मे २०२२ मध्ये भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा सन्मान केला, तेव्हा दिल्लीतील सत्ताधाऱ्यांनी अभिमानाने छाती फुगवली. सन्मान स्वीकारला, तत्त्वे मात्र बाजूला ठेवली.

कायद्याने बंद केलेले दार

२०२१ मध्ये संसदेने आरोग्यसेवेतील संलग्न व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. त्यानुसार संलग्न आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता मिळण्यास दोन ते चार वर्षांत मिळून किमान दोन हजार तासांचे शिक्षण लागते. आशांचे तेवीस व वीस दिवस एकत्र करून रोजचे आठ तास धरले तरी साडेतीनशे तासही भरत नाहीत. म्हणजे अपेक्षित शिक्षणाचा जेमतेम सहावा हिस्सा. वीस वर्षांच्या प्रत्यक्ष कामाचा एकही तास या हिशेबात धरला जात नाही. अशा रीतीने कायद्याने एक दार उघडले, पण आशांसाठी ते बंदच राहिले.

शासनाची इच्छा असेल तर वाट कशी निघते, याचेही उदाहरण समोर आहे. २०१८ नंतर आरोग्यवर्धिनी केंद्रांसाठी समुदाय आरोग्य अधिकारी हवे होते, तेव्हा परिचारिका आदींसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखण्यात आला, तो पूर्ण करणाऱ्यांना पद मिळाले व मासिक वेतनही ठरले. म्हणजे प्रमाणपत्र, पद आणि वेतन यांची सांगड घालणे शासनाला जमते. आशांच्या बाबतीत ते नाकारले जाते, कारण त्यांची संख्या दहा लाख आहे आणि त्यांच्या स्वस्त श्रमावर आरोग्य कार्यक्रमाचा डोलारा उभा आहे.

चळवळीपुढील कार्य

मे २०१३ मध्ये पंचेचाळिसाव्या भारतीय श्रम परिषदेने योजना कर्मचाऱ्यांना कामगार मानावे, किमान वेतन व सामाजिक सुरक्षा द्यावी, अशी शिफारस केली. शासन, मालक व कामगार संघटना अशा तिन्ही बाजूंची ही परिषद असूनही शिफारस कागदावरच राहिली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका व मदतनीस यांना उपदानाचा हक्क मान्य केला आणि मानधन या नावाखाली दिली जाणारी रक्कम त्या कायद्यापुरती वेतनच होय, असे ठरवले. शब्दांचा पडदा न्यायालयातही टिकला नाही.

महाराष्ट्रात २०२३ च्या अखेरीस व पुन्हा २०२४ च्या आरंभी आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. आझाद मैदानावर दिवसेंदिवस बसून राहिल्यावर मार्च २०२४ मध्ये आशांना पाच हजार रुपयांची वाढ मिळाली. गटप्रवर्तकांच्या वाट्याला हजार रुपयेच आले. लढल्याशिवाय काही मिळत नाही आणि मिळते तेही फूट पाडून, हा त्याचा बोध.

तिरुवनंतपुरमच्या सचिवालयासमोर २०२५ मध्ये आशांनी कित्येक महिने धरणे धरले, याकडेही डोळेझाक करून चालणार नाही. केंद्राने आपली जबाबदारी झटकली आणि राज्यांना निधीत कोंडीत पकडले, हे सत्य आहेच. केरळमधील मानधन अनेक राज्यांपेक्षा अधिक होते, हेही सत्य आहे. तरीही श्रमिक स्त्री उन्हापावसात रस्त्यावर बसते, तेव्हा तिची संघटना कोणाशी संलग्न आहे आणि समोरचे सरकार कोणत्या रंगाचे आहे, यावरून तिच्या मागणीचा न्याय ठरत नाही. बेंगळुरू, मुंबई, तिरुवनंतपुरम येथील मागणी एकच आहे आणि एकाच तराजूने ती तोलली पाहिजे. ज्या चळवळीची कसोटी जागा पाहून बदलते, तिच्यावर दहा लाख स्त्रिया विश्वास ठेवणार नाहीत.

या पार्श्वभूमीवर मागण्यांचा क्रम स्पष्ट असावा. आशा व गटप्रवर्तक यांना शासकीय आरोग्य कर्मचारी म्हणून मान्यता द्यावी. किमान वेतनाहून कमी नसलेले मासिक वेतन, भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन, प्रसूती व आजारपणाची रजा मिळावी. प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पूर्ण वेतनावर व शिकणारणीच्या भाषेत व्हावे. सीमाभागात मराठीभाषक आशांना मराठी पुस्तिका व मराठी परीक्षेचा पर्याय असावा. प्रत्येक प्रमाणपत्राबरोबर वेतनात निश्चित वाढ व्हावी. सेवेची वर्षे शिक्षणाचे तास म्हणून मोजून प्रमाणपत्र, पदविका, आरोग्यसेविका व परिचारिका अशी चढती वाट बांधून द्यावी. कामाच्या नोंदीची जबाबदारी खात्याची असावी. यंत्रातील त्रुटीसाठी कोणाचाही मोबदला कापू नये.

या मागण्या सभागृहात ठराव करून सुटणाऱ्या नाहीत. ज्या तालुक्यात साथींची शाखा आहे, तेथील आशांच्या प्रशिक्षणाला किती दिवस मिळाले, प्रमाणपत्र कोणाला मिळाले, मोबदला किती महिने थकला, उपकेंद्रात औषधे आहेत काय, याची माहिती गोळा करणे हे शाखेचे काम आहे. शेतमजूर, विडी कामगार, झोपडपट्टीतील कामगार यांच्या संघटनांनी आशांच्या मागण्या आपल्या मागणीपत्रकात घेतल्या पाहिजेत. कारण ज्या मुलाला ती लस टोचून घेते ते याच कामगारांचे मूल असते. आशांना एकाकी लढू दिले तर शासन त्यांना थकवून हरवील. ज्यांच्या दारी त्या रोज जातात, ती कष्टकरी जनता त्यांच्या पाठीशी उभी राहिली तर फ्रीडम पार्कवरील आश्वासन सरकारी आदेशात उतरवून घेता येईल. बाळाच्या घरी बेचाळिसाव्या दिवशी न चुकता जाणाऱ्या स्त्रीने स्वतःच्या हक्कासाठी वीस वर्षे वाट पाहिली आहे. तिला आणखी वाट पाहावयास लावणे हा अन्याय आहे आणि तो संपवणे हे संघटित श्रमिकांचे कर्तव्य आहे.